एक पाटा काढताना

माळशेज घाट उतरून आलेली भाजीची पिकअप पहाटे कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत लागते, तेव्हा तिचं मागचं अंग चांगलंच बसलेलं असतं. फाळका पडतो, गोण्या आणि क्रेट उतरू लागतात आणि दर चार-पाच गोण्यांमागे गाडी मागून किंचित वर येते. हौदा पूर्ण मोकळा झाला की तिची ठेवणच बदलते. तोंड खाली, पाठ वर. मग त्याच हौद्यात परतीचा माल चढवायची वेळ येते आणि पहिलीच गोणी हमालाला सगळ्यात उंच न्यावी लागते. शेवटची गोणी चढेपर्यंत गाडी पुन्हा बसलेली असते, पण तोवर त्याचे खांदे भरून आलेले असतात.

गाडीची ही चढउतार होते ती पाट्यांमुळे. मागच्या आखाच्या हाउसिंगच्या दोन्ही टोकांना, चाकांच्या आतल्या बाजूला, पोलादी पट्ट्यांची एकेक थप्पी यू-बोल्टनं आवळलेली असते. सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं गोल वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा चॅसीला पिनेनं पक्का, मागचा मात्र शॅकलवर झुलता, कारण कमान दबली की पाट्याची लांबी वाढते आणि तिला सरकायला जागा लागते. मेन पाट्याखाली आखूड होत जाणारे बाकीचे पाटे आणि सगळ्यांच्या मधोमध सेंटर बोल्ट. रिकाम्या गाडीत ही थप्पी वाकलेली असते, ओझं पडेल तशी सपाट होत जाते. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घासण्यातच उसळीचा बराचसा जोर जिरतो. रचना इतकी साधी की तुटलेला पाटा ओळखायला डोळे पुरतात आणि बदलायला जॅक, पाने आणि दोन माणसं.

ठाण्यापासून टिटवाळ्या-बदलापूरपर्यंतच्या गॅरेजांत पाट्यांचं काम म्हणजे बहुतेक वेळा पाटा वाढवण्याचं काम. गाडी नवी घेतली की मालक आधी तेच करून घेतात. उलटी मागणी, म्हणजे पिकअप मागून उतरवून देण्याची, कमी असते. पण ती असते, आणि तिच्याकडे निव्वळ शौक म्हणून पाहणं चुकीचं आहे. या भागात मालवाहू गाडीची पाठ किती उंच राहावी हे नेहमी मालानं ठरवलं. आज माल बदलला आहे. पाटे मात्र अजून जुन्या मालाच्या हिशेबानं बांधले जातात.

बैलगाडीला पाटे नव्हतेच. साटा थेट आखावर, आख तुंब्यात, आणि चाकाला लोखंडी धाव. रस्त्यातला प्रत्येक दगड बैलाच्या मानेला आणि गाडीवानाच्या कमरेला कळायचा. खाडीकाठच्या आगरांतलं मीठ, भात, पेंढा, शहापूर-मुरबाडकडचं लाकूड हे सगळं असंच हलत हलत बंदरापर्यंत यायचं आणि पुढे पडाव-मचव्यांतून जायचं. धक्का सहन करणारा माल होता, म्हणून धक्का शोषायची गरज कुणाला वाटली नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला रेल्वे आली, १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोचली. त्यानंतरही बैलगाडी हटली नाही. स्टेशन ते बाजार हा तिचा नवा रस्ता झाला.

पाट्यांची ओळख या परिसराला दोन वाटांनी झाली. एक वाट माणसांची. इंग्लंडमध्ये ओबादिया एलियट यानं १८०४ साली घोडागाड्यांसाठी लंबगोल कमानींचं पेटंट घेतलं होतं, आणि त्या कल्पनेचा साधा अवतार आपल्याकडच्या टांग्यांच्या खाली दिसू लागला. स्टेशनबाहेर उभ्या राहणाऱ्या टांग्यात पाय ठेवला की तो ज्या बाजूला कलायचा, ती त्याच्या कमानीची हालचाल असायची. दुसरी वाट ओझ्याची. रेल्वेच्या जुन्या चार चाकी मालवाघिणींना चाकांच्या वर पाट्यांच्या जाड थप्प्या असत. टांग्यातले पाटे बसणाऱ्याचा जीव सांभाळायचे, वाघिणीतले पाटे रूळ आणि आख सांभाळायचे. पुढे मोटारी आल्या तेव्हा मालवाहू गाड्यांनी दुसरी वाट धरली. आजची पिकअप त्याच वाटेवर आहे.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी पडली. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. इकडे मुंबईत वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज ट्रक बाहेर पडू लागले. टाटांचे मर्सिडीज-बेंझ ट्रक १९५४ पासूनचे. हे सगळे मोठे ट्रक होते. गल्लीत शिरणारी, एका माणसाला चालवता आणि भरता येणारी मालगाडी अजून यायची होती.

ती आली नवलमल फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीकडून. १९५८ साली, जर्मनीच्या विडाल अँड सोन यांच्या परवान्यावर, हॅन्सिएट नावाची तीन चाकी गाडी बनू लागली. सुरुवातीचा कारखाना गोरेगावला होता, पुढे आकुर्डीला गेला. हॅन्सिएटची गंमत तिच्या तोंडात होती. इंजिन पुढे आणि तेच पुढचं एकुलतं एक चाक फिरवायचं. मागच्या दोन चाकांना ओझं वाहण्यापलीकडे काम नव्हतं. मागे डिफरन्शियल नाही, लांबलचक प्रॉपेलर शाफ्ट नाही, म्हणून हौद्याची पाटी खाली ठेवता आली. १९६९ साली त्याच कंपनीची मॅटाडोर आली. तीही पुढच्या चाकांवर चालणारी, आणि तिचाही तळ खाली. शाळेची मुलं, रुग्णवाहिकेतलं स्ट्रेचर, मंडपवाल्याच्या खुर्च्या, दुधाचे कॅन यांना मॅटाडोर सोयीची पडली. पिकअप मागून उतरवण्यासाठी आज लोक जी खटपट करतात, ती मुळातच लागू नये अशी गाडी आपल्या रस्त्यांवर साठ वर्षांपूर्वी होती. या भागातल्या मालवाहतुकीचा विचार करताना ही गोष्ट फार कमी आठवली जाते, याचं वाईट वाटतं.

पण त्या रचनेत एक खोट होती. माल मागे भरला की वजन मागच्या चाकांवर जातं आणि ओढणारी पुढची चाकं हलकी होतात. चढावर, तेही पावसात ओल्या रस्त्यावर, नेमकी तीच चाकं घसरतात. ज्या गाडीला ओतूरहून माळशेज किंवा नाशिकहून कसारा घाट करायचा आणि रिकामं न जाता भरून परतायचं, तिला मागच्या चाकांनी रेटणं जास्त फायद्याचं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर जपानी कंपन्यांशी करार करून चार नवे हलके ट्रक भारतात उतरले: डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, स्वराज माझदा आणि आयशर मित्सुबिशी. त्यांना तोंड देण्यासाठी टाटांनी १९८६ साली ४०७ आणली. मागच्या चाकांवर चालणारी, मागे जोडीची चाकं, पुढे-मागे दणकट पाटे. ४०७ नं बाजार जिंकला आणि हौदा वर गेला. त्यानंतर तो खाली आला नाही.

वर जायचं खरं कारण उल्हास नदीच्या आणि ठाण्याच्या खाडीत होतं. मुंब्रा, कळवा, कल्याण, डोंबिवलीच्या रेतीबंदरांवर खाडीतून काढलेली वाळू भरली जायची, कारण ठाण्यात, कल्याणात आणि डोंबिवलीत इमारतींवर इमारती उभ्या राहत होत्या. वाळूचा धंदा ब्रासवर चालतो. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. हे माप जागेचं आहे, वजनाचं नाही. कोरडी वाळू एका ब्रासला साडेचार टनांच्या आसपास भरते, पण खाडीतून नुकतीच काढलेली, पाणी गळणारी वाळू पाच टनांच्या वर जाते. मोजणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, आखाला त्या सारख्या वाटत नाहीत. लहान टेम्पोची कागदावरची ताकद तर अर्ध्या ओल्या ब्रासलाच संपते. विटांचाही हिशेब असाच: एक वीट तीन किलोच्या आसपास, म्हणजे हजार विटांना तीन टन, आणि पावसात भिजल्या की त्याहून जास्त. भिवंडी, कल्याण, शहापूरच्या वीटभट्ट्यांवरून गाड्या सुटायच्या त्या असा भार घेऊन. मग मालकानं करायचं काय? तो पाटेवाल्याकडे जायचा आणि म्हणायचा, दोन पाटे चढवून दे.

पाटेवाल्याच्या कामाकडे जवळून पाहण्यासारखं आहे. भट्टीत पाटा लाल तापवायचा, साच्यावर किंवा नुसत्या नजरेनं ठोकून कमान चढवायची, मग तेलात बुडवून कडक करायचा आणि पुन्हा हलका तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. आधीच्या पिढ्यांनी कोयत्या-कुऱ्हाडीला पाणी द्यायचं जे ज्ञान सांभाळलं, तेच इथे ट्रकखाली वापरलं जातं. पोलाद मात्र साधं नाही. त्यात सिलिकॉन आणि मँगनीज, कधी क्रोमियम असतं, म्हणून ते लाखो वेळा वाकून सरळ होऊ शकतं. पाणी कमी बसलं तर पाटा काही दिवसांत बसतो, जास्त बसलं तर खड्ड्यात कडकन तुटतो. तुटलेल्या पाट्याची कड हातात घेतली तर भेग कुठून सुरू झाली ते दिसतं. जुना, गंजलेला भाग काळपट आणि शेवटी एकदम तुटलेला भाग चमकदार, दाणेदार. पुष्कळदा ती भेग सेंटर बोल्टच्या भोकापाशीच निघते, कारण भोकानं पाटा तिथे आधीच अशक्त झालेला असतो.

या कामातलं गणित मोठ्या चुका करायला लावणारं आहे. पाच सारख्या पाट्यांत सहावा घातला तर थप्पीचा ताठपणा ढोबळमानानं वीस टक्के वाढतो. पण ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. आठ मिलिमीटरच्या पाट्यांऐवजी दहा मिलिमीटरचे बसवले तर तो जवळजवळ दुप्पट होतो. दिसायला फरक दोन मिलिमीटरचा. भरलेल्या गाडीत हे खपून जातं. रिकामी गाडी मात्र मग स्प्रिंगवर राहतच नाही, प्रत्येक खड्ड्याला मागून उडते आणि त्या उडण्याचा हिशेब ड्रायव्हरच्या मणक्यात जमा होतो. कंपन्या यावर हेल्पर पाटे देतात. वरची वेगळी थप्पी, जी रिकाम्या गाडीत टेकतच नाही आणि ओझं पडल्यावरच कामाला लागते. उपाय चांगला आहे. पण वाळू-विटांच्या धंद्यात हेल्परवर आणखी पाटे चढले आणि त्याचा हेतूच गेला.

२००५ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचं. मे महिन्यात टाटांची एस आली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली घडवलेली, दोन सिलिंडरच्या ७०२ सीसी डिझेल इंजिनाची आणि पाऊण टन वाहणारी. तिला लोकांनी लगेच छोटा हाथी केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं परमजित भसीन प्रकरणात निकाल दिला, की जादा भाराला पैसे घेऊन मुभा देण्याची काही राज्यांची पद्धत बेकायदा आहे. मोठ्या ट्रकांवर जादा भार लादणं अवघड होत गेलं. शहरांत अवजड वाहनांना वेळेची बंधनं होती ती निराळीच. लहान गाड्यांचं पीक आलं ते या सगळ्यातून. महिंद्राची बोलेरो पिकअप आज ठाणे जिल्ह्याच्या कुठल्याही नाक्यावर दिसते. वाळूच्या धंद्यालाही लगाम बसला: २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं लहान-मोठ्या सगळ्याच गौण खनिज उत्खननाला पर्यावरण मंजुरी सक्तीची केली, आणि बांधकामाला हळूहळू खाणीतल्या दगडाची क्रश सँड चालू लागली. पण सवय लागली होती. नवी पिकअप घेणारा, तो भाजी नेणार असो की फर्निचर, आधी पाटे वाढवून घेतच राहिला.

या भागात गाडीचं मागचं अंग वर-खाली करायची एक वेगळीच सोय एकेकाळी तयार होत होती, हे फारसं कुणाच्या लक्षात नाही. कल्याण-शीळ रस्त्यावर, डोंबिवलीलगत, प्रीमियरचा दुसरा कारखाना होता. ज्या प्रीमियर पद्मिनीनं मुंबईची टॅक्सी म्हणून नाव कमावलं, तिच्या मागे पाटेच होते. डोंबिवलीच्या कारखान्यात मात्र १९९० च्या दशकाच्या मध्यावर फ्रेंच कंपनीच्या भागीदारीत प्यूजो ३०९ बनली, आणि तिच्या मागे पाटेही नव्हते, कॉइल स्प्रिंगही नव्हत्या. तिथे आडवे टॉर्शन बार होते. पोलादी सळ्या, ज्या पीळ खाऊन वजन पेलतात. सळीच्या टोकांना बारीक दाते असतात. सळी काढून दोन-चार दाते फिरवून पुन्हा बसवली की गाडीची मागची उंची बदलते, कापाकापी काहीच नाही. युरोपात या मॉडेलचे शौकीन गाडी खाली आणायला हेच करतात. डोंबिवलीत ते ज्ञान रुजलं नाही, कारण भागीदारी काही वर्षांतच संपली आणि कारखाना थांबला. प्रीमियर हे नाव आता तिथल्या वस्तीच्या पत्त्यांत उरलं आहे.

अमेरिकेत ही गोष्ट वेगळ्या अंगानं गेली. कॅलिफोर्नियात पन्नाशीच्या दशकात मेक्सिकन वस्त्यांमधली मुलं गाड्या इतक्या खाली उतरवत, की १ जानेवारी १९५८ पासून तिथे कायदा आला: गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. पुढच्याच वर्षी रॉन अगीरे नावाच्या तरुणानं आपल्या कॉर्व्हेटला विमानाचे हायड्रॉलिक भाग बसवले. बटण दाबलं की गाडी वर, म्हणजे पोलीस समोर असताना कायदेशीर. ऐंशीच्या दशकापर्यंत जपानी छोट्या पिकअप जमिनीला टेकवण्याचा मोठा छंद तिथे उभा राहिला. तो छंद मनापासूनचा होता, त्यात कारागिरी होती. पण त्या पिकअपचा हौदा रिकामा असायचा. ठाणे-कल्याणात हौदा रिकामा ठेवून भागत नाही, म्हणून इथला प्रश्न मुळातच वेगळा आहे. इथे गाडी उतरवायची ती भरणाऱ्यासाठी.

भरणाऱ्याच्या शरीराचा विचार महाराष्ट्रानं एकदा फार मोठ्या मनानं केला होता. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला मंडळ, नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी देणारा असा कायदा देशात आधी नव्हता. पुढे पन्नास किलोपेक्षा जड गोणी उचलणार नाही, ही भूमिका नवी मुंबईच्या बाजारात माथाडींनी वेळोवेळी घेतली. गोणीच्या वजनावर भांडण झालं, ते रास्तच होतं. गोणी किती उंच न्यायची यावर मात्र कधी बोलणं झालं नाही. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो, पाण्याचा मोठा जार वीस किलोचा. तो कमरेच्या उंचीवर ठेवणं आणि छातीपर्यंत उचलणं यात दिवसभरात काय फरक पडतो, हे डोंबिवलीच्या जिने चढणाऱ्या कुठल्याही पोऱ्याला विचारावं.

हौद्यात फक्त गोण्याच चढतात असंही नाही. १९९९ साली डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थाननं गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि पुढे ती प्रथा महाराष्ट्रभर गेली. तिच्यातले चित्ररथ टेम्पो-ट्रकांच्या हौद्यांवरच उभे राहतात. नऊवारीतल्या मुली स्टुलावर पाय देऊन, कुणाचा तरी हात धरून वर चढतात. गणपतीच्या उंच मूर्तींसाठी तर मंडळं हौदा टाळून बुटक्या ट्रॉल्याच आणतात, कारण वर विजेच्या तारा आणि पूल असतात. आणि बैल. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं बैलगाडा शर्यतींचा राज्याचा कायदा वैध ठरवल्यापासून ठाणे-रायगड पट्ट्यात शर्यतींना पुन्हा जोर आला आहे. शर्यतीचा बैल पिकअपमधून येतो. त्याला चढवायला मालक गाडी मागे घेऊन एखाद्या बांधाला लावतात, म्हणजे बांध आणि हौदा एका पातळीत येतात. बांध नसेल तर फळ्या टाकाव्या लागतात, आणि फळीचा उतार जितका उभा तितका बैल बिचकतो. वळणावर उभ्या जनावराचं वजन एका अंगाला जातं, तिथेही पाठ खाली असलेली गाडी जास्त स्थिर राहते.

सगळ्यात मोठा बदल भिवंडीत झाला. यंत्रमागांच्या या गावाभोवती, मानकोली, काल्हेर, दापोडे, राहनाळ, पूर्णा या गावांच्या भातखाचरांवर गोदामं उभी राहिली. ऑनलाइन मागवलेली वस्तू मुंबई-ठाण्यात पोचण्याआधी बहुधा इथून निघते. या मालाचा स्वभाव वाळूच्या उलटा आहे. खोकी, कपडे, खेळणी, डायपर. हौदा छतापर्यंत गच्च भरतो, पण गाडीची ताकद निम्मीही वापरली जात नाही. अशा गाडीखाली वाढीव पाटे असतील तर ती भरलेली असूनही रिकामीसारखी उडत जाते, आतली खोकी आपटतात, आणि दिवसाला शंभर वेळा मागून चढउतार करणाऱ्याचे गुडघे जातात. या गाड्यांचे पाटे उतरवणं हे समजूतदारपणाचं काम आहे.

ते करायचं कसं, यात मात्र गफलत होते. सोपा मार्ग म्हणजे थप्पीतला एक पाटा काढून टाकणं. गाडी इंच-दीड इंच खाली येते, चाल मऊ होते, खर्च मजुरीचा. पण मग उरलेल्या पाट्यांवर, विशेषतः मेन पाट्यावर, जास्त ताण येतो आणि एखाद्या दिवशी पूर्ण भार पडला की तो डोळ्यापाशी तुटतो. मेन पाटा तुटला की हाउसिंग एका बाजूनं मागे सरकतं आणि गाडी आडवी ओढली जाते. त्यापेक्षा पाट्यांची कमान कमी करून घेणं बरं. तापवून किंवा प्रेसखाली, सगळी थप्पी एकसारखी. पाटे हाउसिंगच्या खाली असतील तर मध्ये ठोकळा घालून गाडी उतरवता येते. पाटे वर असतील तर हाउसिंग पाट्यांच्या वर नेऊन बसवावं लागतं. त्यानं गाडी फारच खाली येते आणि मालवाहतुकीला ते परवडत नाही. यातलं काहीही केलं तरी रबरी स्टॉपर आणि हाउसिंगमधलं अंतर घटतं. म्हणजे खड्ड्यात पाट्यांना दबायला जागा कमी आणि दणका थेट चॅसीला. कल्याण-शीळ रस्त्याचा पावसाळा ज्यानं पाहिला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. शाफ्टचा कोन बदलतो, म्हणून त्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर घरघरू लागतात. तिथे पाचरीसारखी पट्टी घालून कोन जुळवावा लागतो. आणि मागून उतरलेल्या गाडीचे दिवे वर बघू लागतात, ते समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

सगळ्यात धोक्याची गोष्ट दिसत नाही. अनेक पिकअपच्या मागच्या ब्रेकच्या लाइनमध्ये एक झडप असते आणि तिच्यापासून एक बारीक दांडी हाउसिंगला जोडलेली असते. गाडी मागून दबली की दांडी हलते आणि झडप समजते की माल आहे, मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडायला हरकत नाही. पाटे उतरवून दांडी तशीच ठेवली तर रिकामी गाडीही झडपेला भरलेली वाटते. पावसात ब्रेक दाबला की मागची चाकं जाम होतात आणि गाडीची शेपूट फिरते. पाटे वाढवणाऱ्याचं उलटं होतं: गाडी भरलेली असते, झडपेला ती रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक नेमका हवा तेव्हा कमी लागतो. दांडी नव्या उंचीला जुळवून घ्यायला पाऊण तास लागत नाही. बहुतेक वेळा ती कुणी जुळवत नाही.

कायद्याची नजर या कामावर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलांपासून गाडी बदलता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं जादा भाराचा केंद्रीय दंड वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा केला. ठाण्याची एमएच ०४ असो की कल्याणची एमएच ०५, मालवाहू गाडीला ठरावीक मुदतीनं फिटनेसला जावं लागतं, आणि तिथे पाट्यांची थप्पी मोजणं अवघड नसतं. पण कायदा फक्त मालकाला अडवतो. गाडी घेतानाच दोन प्रकारचे पाटे निवडता यावेत, एक विटांसाठी आणि एक खोक्यांसाठी, ही जबाबदारी कंपन्यांची आहे. पाटेवाल्याकडे जाऊन चोरून करायला लागावं असं हे काम नाही.

विजेवरच्या गाड्यांनी हौदा खाली आणायची संधी आणली होती. बॅटरी चॅसीच्या मध्ये बसते, इंजिनाचा अडसर जातो, आणि मोटर पुढे ठेवली तर हॅन्सिएट-मॅटाडोरसारखा खाली हौदा पुन्हा मिळू शकतो. २०२२ च्या मे महिन्यात टाटांची विजेवरची एस आली. भिवंडीच्या गोदामांतून निघणाऱ्या अशाच खोक्यांच्या फेऱ्या डोळ्यांसमोर ठेवून आणलेली ती गाडी. तिचीही ताकद मागच्याच चाकांना मिळते. हौदा जिथे होता तिथेच आहे.